डावी तार

मी आयुष्यात सहा रविवार आणि एक पाडवा, एवढंच उडालो. सहा रविवारांबद्दल कोणालाही मोकळेपणानं सांगू शकतो. पाडव्याबद्दल जे वीस-बावीस वर्षं सांगत आलो, ते खोटं होतं.

तेव्हा मी पस्तिशीचा होतो. एका सरकारी कचेरीत नकाशे काढायची नोकरी, सदाशिव पेठेत दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड आणि एक जुनी स्कूटर. स्कूटरची क्लचवायर एक महिना सोडून तुटायची. कोणीतरी म्हणालं, भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या मागे एक चाचा आहेत, ते तारा स्वतः बनवतात, त्यांची घाला आणि विसरून जा. म्हणून गेलो. दुकान म्हणजे एक लांबुडकी खोली. भिंतीवर ब्रेकच्या, क्लचच्या, माल वर चढवायच्या तारांची वेटोळी, आणि वर आढ्याला टांगलेली अठरा फूट लांबीची एक निळी पिशवी.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"पंख," चाचा मान वर न करता म्हणाले.

मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. पण तो खरोखर पंख होता. हँगग्लायडर. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर ताणून बसवायचं केशरी-पांढरं कापड, आणि हे सगळं जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या तारा. इंजिन वगैरे काही नाही. टेकडीच्या उतारावरून पळत सुटायचं, वारा भरला की पाय सुटतात आणि माणूस पोटावर आडवा होऊन पंखाखाली लटकत जातो. एका परदेशी माणसानं तो पुण्यात आणला आणि जाताना चाचांना देऊन गेला. चाचा सहा वर्षं उडाले. मग गुडघे बोलायला लागले. आता त्यांना तो विकायचा होता, पण कोणालाही नाही.

चाचांचं घराणं तीन पिढ्या भवानी पेठेतलं. वय पन्नाशीचं, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्म्याची तुटलेली काडी स्वतःच्याच बारीक तारेनं बांधलेली. बोलणं असं तिरकस की आमच्या सदाशिव पेठेतला दुकानदार त्यांच्यापुढे लाघवी वाटावा. पुण्यात तेव्हा असे उडणारे पंधराएक लोक होते. त्या सगळ्यांच्या पंखांच्या तारा चाचांनी केलेल्या. तारेच्या टोकाला तांब्याची लहान नळी दाबून बसवलेली असायची आणि तिच्यावर तीन ठिपके ठोकलेले असायचे. दुकानावर पाटी नव्हती. ते तीन ठिपके हेच त्यांचं नाव.

"ब्रेकची वायर तुटली तर माणूस शिव्या देतो," ते एकदा म्हणाले होते. "पंखाची तुटली तर शिव्या द्यायला माणूस उरत नाही. अजून एकही तुटलेली नाही. ज्या दिवशी तुटेल, त्या दिवशी हे काम बंद."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मी ते कचेरीत दोन-तीनदा म्हणूनही दाखवलं.

पंख विकण्याआधी त्यांनी मला लटकवलं. पंखाखाली लटकायचा जो पट्ट्यांचा झगा असतो तो माझ्या अंगात चढवला, पाठीवरचा हूक आढ्याच्या कडीला अडकवला आणि म्हणाले, "व्हा आडवे." मी जमिनीपासून दोन फुटांवर पालथा लोंबकळत राहिलो. ब्रेकची वायर न्यायला आलेली माणसं मला ओलांडून आत जात होती.

"टेकडीवर हेच करायचं," चाचा माझ्या डोक्यावरून बोलत होते. "हूक लावला की एकानं पंख धरायचा आणि तुम्ही लटकून बघायचं. लटकलात म्हणजे लागलाय. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. आणि एकदा लटकून झाल्यावर हूक काढलात, मग तो नाक शिंकरायला काढलेला असो, तर सगळं पहिल्यापासून. परत आडवं व्हायचं. लोक हसले तरी."

"हो, हो."

"दोनदा हो म्हणू नका. एकदाच म्हणा आणि ऐका."

पंख घरी आणला तो मार्केट यार्डातून रिकाम्या परतणाऱ्या एका टेंपोवरून. जिन्यात तो वळेना, तेव्हा दोरानं बांधून बाहेरून गॅलरीत ओढून घेतला. खालचे शेजारी लुंगी सावरत बाहेर आले, पिशवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून म्हणाले, "मांडवाचं काम घेतलंत वाटतं. बरं झालं, नोकरीत तसंही काही राम नाही." बायकोनं मात्र पिशवीवरून हात फिरवला आणि विचारलं, "अहो, यात बसायला एकालाच जागा आहे का?" ती इतकी साधेपणानं विचारत होती की मला तिला उत्तर देताना वाईट वाटलं.

पुढचे सहा रविवार चाचांनी मला शिकवलं. कात्रजच्या बाजूला पश्चिमेकडे तोंड असलेली एक टेकडी होती. खाली शेतं होती. आता तिथे सोसायट्या आहेत. टेकडीच्या पायथ्याच्या लहान उतारावर मी पळायचो, दहा-बारा सेकंद तरंगायचो आणि गुडघ्यांवर उतरायचो. दहा सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण त्या दहा सेकंदांत पायाखालचं गवत जे मागे सरकत जातं, त्यासाठी मी आठवडाभर कचेरीत रेषा ओढत बसायचो. खालच्या शेताचे मालक बांधावर बसून बघायचे आणि मी उतरलो की म्हणायचे, "आज जरा लांब गेलासा." मला तेवढं पुरायचं.

सातव्या रविवारच्या आधी रमजान लागला. चाचा म्हणाले, "रोज्यात मला टेकडी चढवत नाही आणि माझ्याशिवाय तुम्हाला उतरवत नाही. ईद झाली की पहिल्या रविवारी वरून उडायचं, माथ्यावरून. तोवर पंख पिशवीतून काढायचा नाही."

मी एकदाच हो म्हणालो.

पण मी कचेरीत सांगून बसलो होतो. पाडव्याला उडणार म्हणून. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त, सुट्टीचा दिवस, नवी वस्तू. एका सहकाऱ्याचं बघायला यायचंही ठरलं होतं. त्या वर्षी पाडवा आणि ईद एकाच अमावस्येला धरून लागून आली होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ईद. मला चार-पाच दिवस थांबायचं होतं, आणि मी थांबलो नाही. चाचांना कळवलंही नाही. मनात म्हटलं, नंतर पेढे घेऊन जाऊ आणि सांगू, बघा, जमलं.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली, दुपारी श्रीखंड-पुरी झाली आणि ऊन कलताना आम्ही तिघं टेकडीवर पोचलो. मी, बायको आणि तो सहकारी. शेतमालक कुतूहलानं आमच्या मागोमाग वर आले. मी पंख जोडला. एकेक तार ओढून पाहिली. सगळं ठीक होतं. हूक लावला, सहकाऱ्याला पंख धरायला सांगितलं आणि आडवा होऊन लटकून बघितलं. बायको हसली, मला राग आला नाही. इथपर्यंत मी चाचांचा चांगला विद्यार्थी होतो. उभा राहिलो, वारा समोरून येत होता, आणि बायको ओरडली, "अहो, थांबा! नारळ राहिला!"

खरंच राहिला होता. हार घातला होता, हळदकुंकू वाहिलं होतं, आणि मंडईतून तिनं स्वतः निवडून आणलेला नारळ पिशवीतच होता. आमच्याकडे बायका नारळ फोडत नाहीत. सहकारी म्हणाला, "तू राहू दे, मी फोडतो." मला ते पटेना. पंख माझा, मुहूर्त माझा आणि नारळ दुसऱ्यानं फोडायचा? मी पाठीमागे हात घालून हूक काढला, पंख त्याच्या हाती दिला, झग्याचे पट्टे पायांत घोळवत दगडापर्यंत गेलो आणि नारळ आपटला.

नासका निघाला. आत काळं पाणी, आणि असा वास की शेतमालकांनी तोंड फिरवलं. बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. ती त्या दोन करवंट्यांकडे बघत राहिली. मी म्हणालो, "काही नाही होत. बाजारात हल्ली असलेच मिळतात." मला त्या वासातून लवकर सुटायचं होतं. तिच्याकडे न बघता मी पंखाखाली शिरलो, तो खांद्यावर उचलला, सहकाऱ्याला "सोड" म्हणालो आणि पळालो.

पाय सुटले. त्या वेळी छातीला आणि मांड्यांना पट्ट्यांचा ओढा बसायला हवा असतो. तो बसला नाही. सगळं वजन माझ्या दोन हातांवर आलं. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. नंतर मी ते कितीही लपवलं तरी हे खरं आहे, मला क्षणभरही शंका नव्हती. पंखाखाली हातांनी धरायचा दांडा असतो, मी त्याला लोंबकळत होतो. पंखानं नाक खाली घातलं आणि तो डावीकडे वळला. हात सुटले तेव्हा मी दुमजली घराएवढा वर असेन. मी उतारावर आदळलो. पंख पुढे जाऊन खालच्या शेतातल्या कडब्याच्या गंजीत घुसला.

सहकारी धावत आला. मागून बायको अनवाणी. चप्पल कुठे राहिली तिलाच माहीत. माझ्या डाव्या नडगीचं हाड कातडीतून दिसत होतं. सहकारी घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काय झालं रे? तार तुटली का?"

मी त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "हो. डावी."

डावी की उजवी हे कोणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

दुसऱ्या दिवशी ईद होती. संध्याकाळी चाचा हॉस्पिटलात आले. अंगात नवा कडक शर्ट, हातात शीरखुर्म्याचा स्टीलचा डबा. माझा पाय टांगलेला, खांद्याला पट्ट्या. बायको उशाशी बसली होती. चाचांनी डबा तिच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळले. कसं वाटतंय वगैरे काही विचारलं नाही.

"कोणती तार?"

"डावी."

"वरच्या टोकाला की खालच्या?"

"खालच्या."

"नळीतून सुटली की तारच तुटली?"

"ते... लक्षात नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बायकोकडे बघितलं. तिची मान खाली होती. "बरं," ते म्हणाले. जाताना तिला म्हणाले, "वहिनी, डब्याची घाई नाही." त्या वेळी, त्याच जागी मी खरं सांगू शकलो असतो. तोंड उघडायचा अवकाश होता. मी डोळे मिटून घेतले आणि दुखतंय असं दाखवलं. दुखत होतंच म्हणा.

पुढचे सहा महिने लोक भेटायला येत राहिले आणि मी गोष्ट खुलवत गेलो. "टण्ण असा आवाज आला," मी म्हणायचो. असा कुठलाही आवाज आला नव्हता. उडणाऱ्या पंधरांपैकी बरेच येऊन गेले. प्रत्येक जण ऐकून घरी जायचा आणि आपल्या तारा ओढून बघायचा, कारण त्याच्याही पंखाला तीन ठिपक्यांच्याच तारा होत्या. ते दिवसही बरे नव्हते. शहरात माणसं एकमेकांच्या आडनावांकडे नव्यानं बघायला लागली होती. कचेरीत एक जण चहा पिताना म्हणाला, "पण मी म्हणतो, त्यांच्याकडून घ्यायचीच कशाला तार?" तो तारेबद्दल बोलत नव्हता, हे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. मला सगळ्यांत आधी कळलं. मी माझा चहा ढवळत राहिलो. माझ्या खोट्याला कुठून बळ मिळतंय ते मला दिसत होतं आणि मी ते घेतलं. पाडव्याच्या त्या एका 'हो'पेक्षा मला या चहाची लाज जास्त वाटते.

चाचांनी सगळ्यांना निरोप पाठवला, तारा घेऊन या, तुमच्यासमोर वजन टांगून तपासून देतो. तिघं गेले. बाकीच्यांनी मुंबईहून मागवल्या. पावसाळा संपल्यावर कळलं, चाचांनी पंखांच्या तारांचं काम सोडलं. तांब्याच्या नळ्या दाबायचं यंत्र कापडात गुंडाळून ठेवलं. आता फक्त ब्रेक आणि क्लच. म्हणजे जे बोलले होते तेच त्यांनी केलं. फक्त तार तुटलेली नसताना.

मी स्वतःला काय सांगत होतो? सांगत होतो की हे तिच्यासाठी. नारळ फोडायला हूक काढला असं म्हटलं तर लोक हिला बोल लावतील. हिनंच थांबवलं, हिचाच नारळ नासका. तार तुटली म्हटलं की विषय मिटतो. हे कारण इतकं सोयीचं होतं की मला त्यात मी चांगला नवराही वाटायला लागलो. डबा घरात राहिला. बायको दोन-तीनदा म्हणाली, "अहो, तो डबा परत द्यायला हवा." मी म्हणायचो, जाऊ एकदा. पुढे त्यात बटणं आणि सुयादोरे जमले.

आणखी एक बारीकशी गोष्ट त्याच वर्षांत घरात बदलली, मी तिच्याकडे कधी लक्ष दिलं नाही. नारळ मी आणायला लागलो. आमटीला असो, सत्यनारायणाला असो की पुढे घेतलेल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला. ती म्हणायची, "तुम्हीच बघून आणा, मला कळत नाही." मी मंडईत नारळ कानाशी हलवून, नखानं वाजवून निवडायचो, आणि पाहुण्यांना सांगायचो की नारळ निवडण्यात माझा हात कोणी धरणार नाही. ती स्वयंपाकघरातून ऐकत असायची.

वीस-बावीस वर्षं गेली. मी निवृत्त व्हायला आलो. सिंहगड रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्नाला गेलो होतो, तिथे त्या पंधरांपैकी एक जण भेटला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, पण उत्साह तोच. जेवणाच्या रांगेत त्यानं तरुण मुलांना गोळा केलं आणि गोष्ट सुरू केली. भवानी पेठेत एक म्हातारा होता, तीन ठिपक्यांच्या तारा विकायचा, लोकांचे जीव टांगायचा. "टण्ण!" तो म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "विचारा यांना!"

"काका, खरंच?" एका मुलीनं विचारलं.

मी मान हलवली. हातात ताट होतं, त्यात जिलेबी होती, आणि मी परत एकदा मान हलवली. ती जिलेबी मी खाल्लीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून डब्यातली बटणं एका पिशवीत ओतली, डबा घासला आणि बायकोला काही न सांगता रिक्षा करून भवानी पेठेत गेलो. दुकान होतं तिथेच होतं. चाचा स्टुलावर बसले होते. दाढी पांढरी झालेली, चष्म्याची काडी अजून तारेनं बांधलेली. आढ्याला ती कडी होती, खाली कोणी लटकत नव्हतं. मी उंबऱ्यातच थांबलो. त्यांनी माझ्या लंगड्या पायाकडे बघितलं.

"या, डावी तार," ते म्हणाले.

मी डबा पुढे केला.

"रिकामा?"

"हो."

"बरं. भरलेला असता तर घेतला नसता."

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. नारळ, हूक, माझा 'हो', टण्ण, तो चहा, कालचं लग्न. माझं संपल्यावर ते उठले, मागच्या भिंतीवरच्या खिळ्यावरून तारेचं एक वेटोळं काढलं, त्यावरची धूळ शर्टानं पुसली आणि माझ्या हातात दिलं. तार अखंड होती. दोन्ही टोकांना तांब्याच्या नळ्या आणि दोन्हींवर तीन-तीन ठिपके.

"डावी," ते म्हणाले. "मी उजवीही बघितली. वाटलं, घाईत चुकून बोललात."

पाडव्याच्या रात्रीच त्यांच्या कानावर गेलं होतं. ईदच्या सकाळी नमाज झाल्यावर ते आधी टेकडीवर गेले होते, मोडलेल्या पंखावरून ही तार सोडवून घेतली होती आणि मग हॉस्पिटलात आले होते. शेतमालकांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. "पंख मोडला तो मोडला, पर हूक अडकवायचा पट्टा तर मोकळाच लोंबत व्हता की. आन नारळ बी नासका निघाला, वैनीबाईंनी आणल्याला." म्हणजे मला विचारायला आले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. ते फक्त मी काय म्हणतो ते ऐकायला आले होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होतो? वहिनी तिथे मान खाली घालून बसल्या होत्या. मी म्हणणार, साहेब नारळ फोडायला गेले म्हणून पडले? त्या वर्षी? या तोंडानं?" त्यांनी स्वतःच्या दाढीकडे बोट दाखवलं. "मग तार तुटली की नाही हा प्रश्नच राहिला नसता. भांडण दुसरंच झालं असतं. त्यापेक्षा तार तुटली तर तुटली. लोकांना तेवढंच कळतं."

"तुम्हाला माझा राग—"

"आहे ना. अजून आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की त्या खिळ्याकडे बघतो, ताजा होतो." त्यांनी तार माझ्या हातातून परत घेतली. "मला सांगितलंत त्याचा काही उपयोग नाही. मला माहीतच होतं. ज्यांना सांगितलं होतं त्यांना सांगा."

"त्यांतले कितीसे उरले असतील आता?"

"जेवढे असतील तेवढे. निम्मे गुडघ्यांच्या डॉक्टरकडे भेटतील."

त्यांनी मला चहा विचारला नाही. मी निघालो तेव्हा ते डबा उघडून आत बघत होते, बहुधा बटणांचा वास येत असावा.

दोन दिवस मी नंबर जमवत होतो. एकाकडून दुसऱ्याचा, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा. पंधरांपैकी तिघं गेले होते, एक अमेरिकेत होता. एका जुन्या डायरीत अकरा नंबर झाले. बायकोला वाटलं मी निवृत्तीच्या समारंभाची तयारी करतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बैठकीत मटार सोलत बसली होती. ती आत जाईल म्हणून मी वाट बघितली. ती जाईना. शेवटी मी तिच्यासमोरच पहिला नंबर लावला. लग्नात जो भेटला होता त्याचाच.

इकडचं तिकडचं न बोलता मी पाठ केलेलं वाक्य म्हणालो. "त्या दिवशी तार तुटली नव्हती. नारळ फोडायला मी हूक काढला आणि परत लावायला विसरलो. चाचांच्या तारेत काही दोष नव्हता. मी खोटं बोललो."

मग तो म्हणाला, "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?" आणि फोन ठेवला.

मी फोन खाली ठेवला तेव्हा मटार सोलायचा आवाज थांबला होता.

"विसरलात?" ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे नुसते विसरलात? दुसरं काही नाही?"

"दुसरं काय?"

तिच्या मांडीवर ताट होतं, त्यात अर्ध्या सोललेल्या शेंगा होत्या. "मी निवडला होता तो," ती म्हणाली. "मंडईत. त्या बाईनं दोन पुढे केले होते. एक हलवून बघितला, दुसरा नाही बघितला. घाईत होते. न बघितलेला घेतला." मग ती थांबली. "तुम्ही म्हणालात तार तुटली. चाचांची तार कधी तुटत नाही, असं तुम्हीच सांगायचात. मग ती माझ्याच वेळेला का तुटली, ते मला कळलं होतं. वीस वर्षं कळलेलं होतं."

वीस वर्षं मी तिला वाचवतोय असं समजत होतो. चाचाही तसंच समजत होते, त्यांनी तर त्यासाठी आपलं नाव घालवलं. आणि ती मंडईत नारळाच्या दुकानासमोरून मान वळवून जात होती. मी 'हो' ऐवजी 'विसरलो' म्हणालो असतो, तर दोघंही सुटली असती. एक शब्द होता. मी तिचं नाव घेऊन हाक मारली. तिनं डोळे पुसले नाहीत. रडत नव्हतीच ती. तिचा चेहरा पाडव्याला जसा पांढरा पडला होता तसा पडला होता, फक्त या वेळी ती माझ्याकडे बघत होती.

मी डायरी मिटायला लागलो. म्हणालो, "उरलेले उद्या करतो."

तिनं ताट बाजूला ठेवलं, माझ्या हातातून डायरी घेतली, चष्मा लावला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"पुढचा नंबर लावा," ती म्हणाली.